‘जाणे’ कोणत्या वाटेने गेले?

फ्रेंचच्या पहिल्या चाचणीत ‘मी जाईन’ या अर्थी मी ‘झालरे’ असे लिहिले आणि उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढवून घेतली. ‘जाणे’ याला फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणतात, ही गंमत आधीच होती. त्या ‘आले’ला मी नियमाप्रमाणे भविष्यकाळाचा प्रत्यय लावला होता, पण बरोबर रूप ‘झिरे’! त्याच संध्याकाळी नंदनवनातल्या आमच्या घरी तीन वर्षांचा भाचा सांगू लागला, “मी बागेत जालो!” सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. त्याची आणि माझी चूक एकच होती.

वास्तविक ‘जातो, जाईन’ असे म्हणणारे आपण ‘जालो’ न म्हणता ‘गेलो’ का म्हणतो? कारण येथे दोन धातू एकत्र नांदत आहेत. ‘जा’ संस्कृत ‘या’पासून आला, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपापासून. फ्रेंचमध्ये अशी तीन घराणी आहेत. लॅटिन ‘वादेरे’पासून वर्तमानकाळातील ‘व्हे, व्हा, व्हा’ आणि ‘व्हाँ’ (ते जातात). ‘ईरे’पासून भविष्यकाळ ‘झिरे’. हा ‘ईरे’ आपल्या संस्कृत ‘एति’चा सख्खा नातलग. उरलेल्या ‘आल’च्या मुळाबद्दल विद्वानांत एकमत नाही, ‘आम्ही जातो’चे ‘आलाँ’ आणि ‘तुम्ही जाता’चे ‘आले’ मात्र त्याचेच.

आता स्वार्थाचे, म्हणजे साध्या विधानाचे, आठ काळ पाहू. साधे चार: ‘झ व्हे’ (जातो), ‘झाले’ (जात असे), पुन्हा किंचित वेगळ्या उच्चाराचे ‘झाले’ (गेलो; हे आता केवळ ग्रंथांत), आणि ‘झिरे’ (जाईन). संयुक्त चारांत धातुसाधित ‘आले’ कायम राहते, फक्त ‘असणे’ हे सहायक क्रियापद बदलते: ‘झ स्वी आले’ (गेलो, गेलो आहे), ‘झेते आले’ (गेलो होतो), ‘झ फ्यू आले’ (हेही ग्रंथांतलेच, ‘मी गेल्यावर लगेच’ अशा वाक्यांत येणारे) आणि ‘झ सरे आले’ (गेलो असेन). म्हणजे अनियमितपणा मुख्यतः वर्तमान व भविष्य या दोनच काळांत आहे. बाकीचे सहा सरळ चालतात. शिवाय कर्ता स्त्री असेल तर धातुसाधिताला एक मुका ‘ए’ जोडतात. आपले ‘गेलो–गेले’ कानाला कळते, त्यांचे बहुधा डोळ्यालाच.

अशी रूपे टिकतात ती रोजच्या वापरामुळे. क्वचित लागणारा शब्द आपण नियमाने बनवतो. दिवसातून शंभरदा लागणारा तोंडातच बसलेला असतो, त्याला नियम गाठू शकत नाही.

ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या जडणघडणीवरील आपला ग्रंथ 1920 साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. एक परका माणूस आपल्या ‘गेला’चे कूळ शोधत बसला! मग त्याच्या भाषेतले आठ काळ पाहून पहिल्याच महिन्यात वर्ग सोडणाऱ्या माझ्या मित्रांना मी एवढेच सांगेन: तक्ता पाठ करण्यापूर्वी एकदा स्वतःचे ‘जाणे’ चालवून पाहा. भीती निम्मी होते. उरलेली निम्मी पाठांतराने.