ऊस कारखान्यात जातो, पालाश कुठे जाते?

साखरेचा रेणू कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू मिळून बनतो. त्यात चौथे मूलद्रव्य नसते. कार्बन आणि ऑक्सिजन उसाने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेले असतात, हायड्रोजन पाण्यातून. म्हणजे 50 किलोच्या पोत्यातून आपण बाजारात पाठवतो ती हवा, पाणी आणि ऊन.

पण ऊस काही नुसत्या हवा-पाण्यावर वाढत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ मुरूम आहे. अशा भागातल्या काळ्या जमिनीत हेक्टरी 100 टन ऊस काढला, तर त्या पिकाने दोनशे किलोंहून जास्त पालाश आणि जवळपास तेवढेच नत्र मातीतून उचललेले असते. शिवाय स्फुरद, सिलिका, कॅल्शियम, जस्त. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या मुरूमच्या विठ्ठलसाई सहकारी साखर कारखान्याकडे लागतात. उसाबरोबर मातीतला हा ऐवजही गव्हाणीत पडतो. साखरेच्या पोत्यात तर तो नाही. मग जातो कुठे?

चक्रीय अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल, तर मला हाच प्रश्न सगळ्यांत उपयोगी वाटतो. खाणीतून काढा, वापरा आणि टाकून द्या, ही सरळ रेषा मोडून प्रत्येक उरलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावायचे, ही त्या विचाराची मांडणी. जगभर त्यासाठी डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गचे नाव घेतले जाते. तिथे 1972 पासून एका उद्योगाचा उरलेला गॅस, वाफ, पाणी, राख शेजारचा उद्योग कच्चा माल म्हणून वापरत आला. आपल्याकडच्या साखर कारखान्याला मात्र आणखी एक भागीदार आहे, तो म्हणजे सभासदाची जमीन. तिचा हिशेब लागल्याशिवाय चक्र पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

गुऱ्हाळावर हे चक्र उघड्या डोळ्यांनी दिसायचे. रस काढून उरलेली चिपाडे वाळवून चुलवाणात घालायची, त्याच जाळावर काहिलीतला रस आटवायचा, वाढे जनावरांना टाकायचे, राख उकिरड्यात. इंधन विकत आणायची गरज नव्हती. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उसातली बरीच खनिजे गुळातच राहतात आणि गुळाबरोबर गावाबाहेर जातात. पांढऱ्या साखरेतून ती जवळजवळ पूर्ण वेगळी होतात. त्यामुळे मातीची परतफेड करण्याची जास्त मोठी संधी गुऱ्हाळापेक्षा कारखान्याकडे आहे.

कारखान्यात 100 टन ऊस गाळला की साधारण 10 ते 11 टन साखर, 28 ते 30 टन बगॅस म्हणजे चिपाड, चार-साडेचार टन मळी म्हणजे मोलॅसिस आणि तीन-चार टन प्रेसमड निघतो. बाकी बहुतेक पाणी. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरून वीज होते आणि तीच वाफ पुढे रस आटवायला जाते. सहवीजनिर्मिती असलेले कारखाने स्वतःची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकतात.

आता खनिजांच्या मागावर जाऊ. रस स्वच्छ करण्यासाठी त्यात चुना मिसळतात. रसातला फॉस्फेट चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम फॉस्फेट होतो आणि माती, मेण, प्रथिने सोबत घेऊन तळाशी बसतो. हा गाळ म्हणजे प्रेसमड. उसाने उचललेल्या स्फुरदाचा मोठा वाटा इथे सापडतो. सिलिका उसाच्या तंतूत असते, ती बगॅसबरोबर बॉयलरच्या राखेत उतरते. पालाशची गोष्ट वेगळी. ते पाण्यात इतके सहज विरघळते की चुन्याने खाली बसत नाही आणि साखरेच्या स्फटिकातही शिरत नाही. रस आटत जातो तसे ते दाट होत मळीत गोळा होते. पुढे डिस्टिलरीत यीस्ट मळीतली साखर खाऊन इथेनॉल बनवते. इथेनॉलमध्ये पुन्हा तीच तीन मूलद्रव्ये: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. पालाश मागेच राहते, स्पेंटवॉशमध्ये.

एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश निघतो. हे तपकिरी, उग्र वासाचे सांडपाणी एके काळी ओढ्या-नाल्यांत सोडले जायचे. त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आता डिस्टिलरीने थेंबभरही सांडपाणी बाहेर सोडू नये असा नियम आहे. म्हणून अनेक ठिकाणी स्पेंटवॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात आणि उरलेल्या राखेत पालाश सापडते. मळीपासूनचे पालाश म्हणून केंद्र सरकारने त्याला खताचा दर्जा दिला, त्यात किमान 14.5 टक्के पालाश असावे असे ठरवले आणि जानेवारी 2024 मध्ये कारखान्यांनी ते खत कंपन्यांना टनाला 4263 रुपयांनी विकावे असा दर जाहीर झाला.

भारत आपले पोटॅश खत जवळजवळ सगळे आयात करतो. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल या देशांतून ते येते. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा त्याचे भाव भडकले आणि झळ थेट आपल्या खत दुकानापर्यंत पोहोचली. उमरग्याचा शेतकरी समुद्रापलीकडचे पोटॅश पोत्याने विकत घेतो आणि त्याच्याच शेतातले पालाश कुठल्या तरी डिस्टिलरीच्या राखेत पडून असते, हे मला फार खटकते. आयात पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश असते, राखेत त्याच्या चौथ्या हिश्शाइतके. म्हणजे तेवढ्याच मात्रेसाठी चौपट वजन वाहून न्यावे लागते. ही राख लांबच्या बाजाराला पाठवणे महाग पडणार हे उघड आहे. तिची खरी जागा ज्या शिवारातून ऊस आला तिथेच आहे.

प्रेसमडचीही तीच कथा. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने ‘सतत’ ही योजना आणली तेव्हापासून प्रेसमडपासून वाहनांसाठी बायोगॅस करण्याकडे कारखाने वळले. गॅस म्हणजे मिथेन, त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन. तो काढून घेतला तरी स्फुरद, कॅल्शियम आणि नत्र उरलेल्या गाळात शाबूत राहतात, उलट ते पिकाला लवकर लागू होतात. त्यामुळे गॅसला विरोध करण्याचे कारण नाही. आग्रह एवढाच हवा की गाळ सभासदाच्या शेतात परत यावा, चढ्या बोलीने तिसऱ्याच जिल्ह्यात जाऊ नये.

याच जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, इथेनॉल प्रकल्पात बदल करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार केला. इथेनॉलमधले शेवटचे पाणी शोषून घ्यायला झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज भरलेले मनोरे असतात. योग्य जातीचे झिओलाइट भरले तर तेच मनोरे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. असलेली यंत्रे दुसऱ्या कामाला लावणे हीसुद्धा संसाधनांची बचतच. धाराशिवच्या माणसांनी ती ऐन संकटात करून दाखवली, याचा अभिमान वाटायला हवा.

आतापर्यंतचे सगळे कारखान्याच्या फाटकाच्या आतले. चक्र सगळ्यांत जास्त तुटते ते शेतात, आणि तेही एका काडीने. तोडणी झाली की हेक्टरी 8 ते 10 टन पाचट मागे राहते. त्यात सुमारे 40 ते 50 किलो नत्र, 75 ते 100 किलो पालाश आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब असतो. ते पेटवले की कर्ब आणि नत्र धूर होऊन जातात, वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. राखेत पालाश उरते, पण वाऱ्यापावसाच्या हवाली होते. खोडवा फुटायला अडचण होते, उंदीर होतात, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, ही शेतकऱ्याची कारणे खोटी नाहीत. पण त्यावर उपाय आहेत. पाचटाची कुट्टी करून ते सरीत दाबायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारे जिवाणू टाकायचे. युरिया अशासाठी की पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. जिवाणूंना नत्र मिळाले नाही तर ते मातीतले ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचट झाकलेल्या सरीत ओल टिकते, तण कमी येते. दुष्काळी पट्ट्यात एवढा फायदाही मोठा आहे.

आणि पाणी. इथे पाणी वाचवल्याचा कारखान्यांचा दावा तपासून पाहावा लागतो. उसात सुमारे 70 टक्के पाणी असते. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड करून पाणी परत वापरले की नदी-विहिरीच्या पाण्याची गरज खूप कमी होते. हे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण टनभर उसातले पाणी भरते 700 लिटर. त्या टनातून 100 किलो साखर निघते असे धरू. एक किलो साखरेसाठी शेतात सुमारे 2000 लिटर पाणी लागते, म्हणजे टनामागे दोन लाख लिटर. कारखान्यात वाचते ते शेतात खर्चलेल्या पाण्याच्या तीनशेव्या भागाच्या आसपास. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ते विसरून मराठवाड्यात उसाच्या चक्राबद्दल बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, तरी बराच ऊस अजून पाटपाण्यावरच भिजतो. माझे मत स्पष्ट आहे. ठिबक नसलेल्या उसाला, त्यापासून कितीही इथेनॉल आणि कितीही वीज निघो, शाश्वत म्हणता येणार नाही. आणि जिथे विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते तिथे तूर, ज्वारी, सोयाबीनच बरे.

विठ्ठलसाई काय किंवा राज्यातला दुसरा कोणताही सहकारी कारखाना काय, त्याचा मालक सभासद शेतकरी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाचा दर विचारला जातो, तो विचारायलाच हवा. त्याच्या जोडीला आणखी प्रश्न विचारा. यंदा किती टन प्रेसमड आणि किती टन राख निघाली, त्यातली किती सभासदांच्या शेतात गेली? मळी बाहेरच्या डिस्टिलरीला विकली असेल, तर तिच्यातल्या पालाशची राख परत आणण्याचा करार केला का? घातलेल्या उसाच्या टनामागे खताचा वाटा ठरवून देणार का? ठिबकला कारखाना किती मदत करतो? आणि सभेची वाट न बघता करण्यासारखे एक काम तुमच्या एकट्याच्या हातात आहे: या हंगामात तोड झाल्यावर पाचट पेटवू नका.