कडब्याची ओळ

पहिल्याच फेरीत लॅपटॉपनं ज्वारी साफ काढून टाकली. अण्णांचं मोहोळकडचं आठ एकर कोरडवाहू रान, दावणीला दोन बैल, एक म्हैस. आणि उत्तर काय, तर सगळीकडं हरभरा. अण्णा म्हणाले, "मग बैलांपुढं काय, तुमचा कागद टाकू?"

चूक माझीच. जैव-आर्थिक प्रतिमान म्हणजे दिसायला एक थोरला तक्ता. रकान्यांत करता येण्यासारखी कामं : ज्वारी, हरभरा, तूर, म्हैस पाळणं, वैरण विकत घेणं. ओळींत मर्यादा : जमीन, मजूर, हातातला पैसा, जनावरांचं पोट. या सगळ्यात बसणारं सर्वांत फायद्याचं मिश्रण संगणक शोधतो. पण सांगावं तेवढंच त्याला कळतं, आणि मी ज्वारीचे फक्त दाणे मांडले होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्यात १९८०च्या दशकात 'मिडास' हे प्रतिमान उभं राहिलं, तेही अशाच गुंत्यासाठी. तिथं गहू, लुपिन आणि मेंढ्या. लुपिनचं नत्र पुढच्या गव्हाला, गव्हाची धसकटं मेंढ्यांना. एकेका पिकाचा सुटा हिशेब तिथं फसतो. चाऱ्यासाठी त्यात वर्षाचे तुकडे पाडलेत, कारण हिवाळी पावसातलं हिरवं रान उन्हाळा सरताना पोटाला येत नाही.

आम्हीही तुकडे पाडले. भाद्रपदात बांधाचं गवत, माघात तुरीचं भुसकट, वैशाखात नुसता कडबा. भाव शेकड्यावर सांगतात, पण पेंडी केवढी? पाच पेंड्या काट्यावर घातल्या, पाचही वेगळ्या भरल्या. मालदांडी मुळासकट उपटायला लागणारी माणसंही मांडली. ती मिळत नाहीत, हा भाग निराळा.

आता ज्वारी तीन एकरांवर आली. अण्णांची साडेतीन होती. अर्धा एकर इकडंतिकडं करून पाहिला, तर नफा जेमतेम हलला. मला मात्र त्याहून छाया-किंमत बोलकी वाटली : एक किलो वैरण जादा मिळाली तर नफा किती वाढेल? बांधाच्या गवताला भाद्रपदात शून्य, वैशाखातल्या कडब्याला पुरा बाजारभाव.

"बैल काढून बघा," अण्णा हळूच म्हणाले. बैल वजा केले, भाड्याचा ट्रॅक्टर घातला. आकडा वाढला.

अण्णांनी तो दोनदा वाचला. "पेरणीच्या वाफशाला सगळ्यांनाच एकदम ट्रॅक्टर लागतो, साहेब. ते कुठल्या ओळीत लिहिलंय?"

कुठल्याच नव्हतं. मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.