तीन आठवड्यांची शाळा

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाचं जुनं गाव आहे. एकेकाळी इथून देवमाशांच्या शिकारीला जहाजं निघत. १८९० पासून इथे जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. त्या प्रयोगशाळेत १९४५ च्या उन्हाळ्यात एक छोटा अभ्यासवर्ग सुरू झाला. मुदत तीनेक आठवडे, विद्यार्थी मोजके. प्रवेशाची अट मात्र चमत्कारिक होती: मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार करून दाखवायचे. जीवशास्त्राच्या वर्गाला अंकगणिताची परीक्षा! ती लावणारे मॅक्स डेलब्रुक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ होते.

हाच तो ‘फेज कोर्स’. तरुण संशोधकांसाठी आज गणिती जीवशास्त्राच्या कार्यशाळा, उन्हाळी वर्ग, हिवाळी शाळा भरतात. अशा वर्गाने काय साधता येतं, हे बघायचं तर या कोर्ससारखं दुसरं उदाहरण नाही.

डेलब्रुक बर्लिनचे. १९३२ मध्ये नील्स बोर यांचं ‘प्रकाश आणि जीवन’ हे व्याख्यान ऐकून ते जीवशास्त्राकडे ओढले गेले आणि १९३७ मध्ये अमेरिकेत आले. जिवाणूंवर वाढणारा फेज हा विषाणू त्यांना मनाजोगता सापडला. तो अर्ध्या तासात जिवाणूच्या आत वाढतो, जिवाणू फुटतो आणि शेकडो नवे फेज बाहेर पडतात. डोळ्यांना न दिसणारी ही घडामोड मोजता मात्र येते, आणि डेलब्रुकना तेवढंच हवं होतं.

मोजण्याची पद्धत अशी. फेजचं द्रावण दहापट, शंभरपट, लाखपट असं पातळ करत जायचं. त्यातला थोडा भाग जिवाणूंसोबत कोमट अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओतायचा आणि रात्रभर उबवायचा. सकाळी प्लेटवर जिवाणूंचा दुधट थर दिसतो आणि त्यात गोल, स्वच्छ ठिपके. एकेक ठिपका म्हणजे आदल्या दिवशी तिथे पडलेला एकेक फेज. ठिपके मोजायचे, जितकं पातळ केलं तितक्याने गुणायचं, की मूळ संख्या हाती येते. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर सगळा प्रयोग फुकट. गुणाकाराच्या परीक्षेचं मर्म इथे कळतं.

पुढची पायरी संभाव्यतेची. जितके जिवाणू तितकेच फेज घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक येईल, असं सहज वाटतं. प्रत्यक्षात सुमारे ३७ टक्के जिवाणू कोरे राहतात आणि काहींवर दोन-दोन, तीन-तीन फेज चढतात. पॉइसाँचं सूत्र पुस्तकात वाचून विसरणारे पुष्कळ. ज्याने स्वतःच्या प्लेटवरचे ठिपके मोजून ते पडताळलं, तो विसरत नाही.

या कोर्समागचा सगळा विचार १९४३ च्या एका प्रयोगात एकवटलेला आहे. फेजच्या माऱ्यात बहुतेक जिवाणू मरतात, थोडे तगतात आणि त्यांची पुढची पिढीही तगते. ही प्रतिकारशक्ती फेजशी गाठ पडल्यावर येते की आधीच योगायोगाने आलेली असते? इटलीहून आलेले डॉक्टर साल्वादोर लुरिया या प्रश्नाने हैराण होते. इंडियाना विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्यांचा सहकारी जुगाराच्या यंत्रावर खेळत होता. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम घबाड. लुरियांना उत्तराची दिशा तिथे सुचली, तिला गणिताचं रूप डेलब्रुकनी दिलं.

प्रतिकारशक्ती गाठ पडल्यावर येत असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंपैकी तगणाऱ्यांची संख्या साधारण सारखी निघायला हवी. ती आधीच, वाढीच्या काळात येत असेल, तर बदल लवकर झालेल्या नळीत त्याची प्रजा भरमसाट होईल आणि उशिरा झालेल्या नळीत दोन-चारच. एका प्रयोगातल्या २० नळ्यांचा निकाल बघा: ११ नळ्यांत शून्य, काहींत १, ३, ५, ६ आणि तीन नळ्यांत ३५, ६४, १०७. सरासरी ११ च्या थोडी वर, पण ११ च्या आसपासची एकही नळी नाही! उत्तर या विस्कळीतपणातच होतं: बदल आधीच झालेले होते. शून्यंसुद्धा कामाची ठरली. वीसपैकी अकरा नळ्या कोऱ्या, म्हणजे पॉइसाँच्या हिशोबाने नळीमागे सरासरी ०.६ उत्परिवर्तनं. त्याला नळीतल्या जिवाणूंच्या संख्येने भागलं की उत्परिवर्तनाच्या दराचा अंदाज येतो. साधन काय, तर नळ्या, प्लेटा आणि कागद-पेन्सिल.

कोर्समध्ये असेच प्रयोग विद्यार्थ्यांकडून हाताने करून घेत. पहिली काही वर्षं शिकवून डेलब्रुकनी तो मार्क अ‍ॅडम्स यांच्या हाती सोपवला. १९४४ मध्ये डेलब्रुकनी सहकाऱ्यांकडून एक कबुलीही घेतली होती: सगळ्यांनी टी-१ ते टी-७ हे सातच फेज आणि ई. कोलायचा एकच वाण वापरायचा. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला पडताळता आले आणि कोर्स करून गेलेला माणूस परतल्यावर एकटा पडला नाही.

विद्यार्थीही साधेसुधे नव्हते. १९४७ मध्ये वर्गात बसले होते लिओ सिलार्ड, ज्यांना १९३३ मध्ये अणूच्या साखळी-अभिक्रियेची कल्पना सुचली होती. त्यांनी आणि त्यांच्यासोबत कोर्स केलेल्या अ‍ॅरन नोविक यांनी पुढे जिवाणूंची वाढ एका वेगावर स्थिर ठेवणारं ‘केमोस्टॅट’ हे उपकरण बनवलं. १९४८ मध्ये आले सेमूर बेन्झर, अर्धवाहकांवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी पुढे फेजच्या एका जनुकाचा आतून बारीक नकाशा काढला. आपल्या विषयात नाव कमावलेल्या माणसांना पहिल्या दिवसापासून पिपेट धरायला शिकावं लागे. कोर्स १९७० पर्यंत चालला. त्याच्या आदल्याच वर्षी डेलब्रुक, लुरिया आणि आल्फ्रेड हर्शी यांना नोबेल मिळालं होतं.

नुसत्या आकड्यांनी मात्र विज्ञान होत नाही, हेही याच गावाने दाखवलं. इथेच १९१० पासून सुप्रजननवाद्यांचं नोंदणी कार्यालय होतं. माणसांच्या वंशावळींचे ढीग तिथे जमले, त्यावरून गरिबांना आणि परदेशातून आलेल्यांना कमअस्सल ठरवलं गेलं, आणि १९३९ मध्ये ते बंद पडलं. तिथल्या आकड्यांना कधी प्रयोगाने आव्हान दिलं गेलं नव्हतं.

या कोर्सचा धागा मुंबईपर्यंत येतो. सिलार्डनी होमी भाभांना ओबेद सिद्दीकी या तरुण जनुकशास्त्रज्ञाचं नाव सुचवलं. सिद्दीकींनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभा केला. गणित आणि भौतिकशास्त्राच्या त्या घरात जीवशास्त्र असं आलं. पुढे सिद्दीकींनी बेन्झर यांच्याबरोबर फळमाशीच्या चेतासंस्थेवर काम केलं, आणि मुंबईतल्या या गटातूनच बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र वाढलं.

आज त्याच बंगळुरूत टाटा संस्थेचं सैद्धांतिक विज्ञान केंद्र, अर्थात आयसीटीएस, इटलीतल्या ट्रिएस्तच्या आयसीटीपीसोबत संख्यात्मक जीवशास्त्राच्या हिवाळी शाळा भरवत आलं आहे. मेंदूतल्या स्मृतीचं संगणकी प्रतिरूप शिकवणारा ‘कॅम्प’ हा वर्गही याच शहरातला. पिपेटच्या जोडीला आता लॅपटॉप आला आहे. अडचण मात्र जुनीच आहे: भौतिकशास्त्रवाल्याला पेशी परकी, जीवशास्त्रवाल्याला समीकरण परकं. दोघांना एका प्रश्नावर एकत्र बसवलं आणि दोघांनाही थोडं ओशाळं व्हावं लागलं, की शिकणं सुरू होतं.

म्हणून एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्याने अशा वर्गाची जाहिरात वाचताना व्याख्यात्यांची नावं सावकाश बघावीत. आधी वेळापत्रक बघावं. दिवसभर भाषणंच असतील तर ती घरबसल्याही ऐकता येतील. जिथे स्वतःच्या हाताने मोजायचं, स्वतःचं प्रतिरूप चुकवायचं आणि संध्याकाळी चारचौघांत ते दुरुस्त करायचं असेल, तिथे रजा काढून, रेल्वेचं आरक्षण करून जावं.