डाव्या पायाची सुटका

मोटार हाकणे म्हणजे दोन हात आणि दोन पाय यांचा एकोपा. त्यात क्लच दाबायचे काम डाव्या पायाचे. तो पाय अधू असेल, तर मोटारीत बसायचे ते शेजारच्याच जागी!

माझ्या थोरल्या बहिणीचे तसेच झाले. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. ताई राहते जुन्नरला, तिची शाळा आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. कितीतरी वर्षे ती एस.टी.च्या वेळेवर नाहीतर कुणाच्या सवडीवर अवलंबून होती. आता ती रीतसर परवाना काढून स्वतः गाडी चालवते. तिच्या गाडीला क्लचचे पेडलच नाही!

मी मराठीचा मास्तर. पण ही किमया कुणाची, हे शोधल्यावाचून राहवेना.

अमेरिकेत अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरने सहकाऱ्यांसह तिचा ध्यास घेतला. १९३९ साली जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ जाहीर केली आणि १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती मिळू लागली. युक्ती ऐका. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल! एक पंखा इंजिनाकडचा, दुसरा चाकांकडचा. त्यांची एकमेकांशी घट्ट गाठ नाही, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना मूळची हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ सालची, तीही जहाजांसाठी!

गिअरांची रचना ग्रहमालेसारखी. मधल्या सूर्यचाकाभोवती ग्रहचाके फिरतात. गाडीचा वेग आणि ऍक्सिलरेटरवरचा पाय यांचा अंदाज घेऊन तेलाचा दाब चारही गिअर आपोआप बदलतो. दुसऱ्या महायुद्धात हीच यंत्रणा अमेरिकन रणगाड्यांतही बसली. पुढे १९४८ साली ब्यूकने ‘डायनाफ्लो’ आणली आणि तेलच जोरही वाढवून देऊ लागले.

मात्र यंत्राला गाडीचा वेग कळतो, पुढचे वळण कळत नाही. म्हणून माळशेज घाट उतरताना ताई दांडा हाताने खालच्या गिअरवर घेते. नुसत्या ब्रेकवर उतरले तर ते तापतात.

परवा त्या उतारावर मी जरा सावरून बसलो. ताई हसून म्हणाली, “अरे, पाय अधू आहे माझा, डोळे नाहीत!”