गावचा प्रश्न, अभियांत्रिकीचा वर्ग

गावची नळयोजना, ओढ्यावरचा पूल, शाळेची इमारत, शेतापर्यंत पोचणारी वीज या सर्व कामांमागे अभियंत्याचे ज्ञान उभे असते. विकासाची योजना कागदावरून प्रत्यक्षात उतरते ती त्याच्याच हातून. त्यामुळे महाविद्यालयात अभियंता कसा घडतो, हा विषय प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यापुरता मर्यादित राहत नाही. ज्या ग्रामपंचायतीला उद्या त्याच्याकडून आराखडा करून घ्यावयाचा आहे आणि ज्या कार्यालयाला तो आराखडा मंजूर करावयाचा आहे, त्या दोघांनाही त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

अभियांत्रिकी शिक्षणाविषयी सातत्याने ऐकू येणारी एक तक्रार अशी की, पुस्तकातील उदाहरण विद्यार्थ्याला सोडविता येते. पण प्रत्यक्ष कामाच्या जागी तो अडखळतो. याचे कारण शोधणे अवघड नाही. पुस्तकातील उदाहरणात जेवढी माहिती लागते तेवढीच दिलेली असते आणि उत्तरही एकच असते. प्रत्यक्षात काही आवश्यक माहिती मिळत नाही, काही अनावश्यक माहिती समोर येते आणि काही चुकीचीही असते. तेथे प्रश्न सोडविण्याच्या आधी तो नीट मांडावा लागतो. हे मांडण्याचे काम म्हणजेच कल्पक विचाराचा आरंभ होय. आधुनिक तंत्रसाधनांचा खरा उपयोग या कामासाठी वेळ आणि बळ मिळवून देण्यात आहे.

जुनी परंपरा

महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिक्षणाचा उगमच सार्वजनिक कामांच्या गरजेतून झाला. इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग व पूल यांच्या बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करावेत, या हेतूने १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातच घेतले व १८८३ साली परीक्षा उत्तीर्ण करून ते सरकारी सेवेत दाखल झाले. पुण्याजवळील खडकवासला जलाशयातून पावसाळ्यात बरेच पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी कसे साठवावे, असा प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसविता येतील असे स्वयंचलित दरवाजे योजले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. १९०३ साली ते खडकवासल्याला बसविण्यात आले. यामागील जलशास्त्राचे नियम सर्व अभियंत्यांना माहीत होते. नवी होती ती प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी. धरण उंच करण्याचा विचार बाजूला ठेवून वाया जाणारे पाणी काही काळ अडविण्याचा विचार त्यांनी केला, आणि तेथेच मार्ग सापडला.

साधनांनी काय साधते?

गेल्या दोन दशकांत शिक्षणाची तंत्रसाधने मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली आहेत. निरनिराळ्या आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. त्यामुळे नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने कोणत्याही गावातील विद्यार्थ्याला ऐकता येऊ लागली. केंद्र सरकारच्या ‘आभासी प्रयोगशाळा’ प्रकल्पामुळे अनेक प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करून पाहता येतात. आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात संगणकप्रणालींचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ असून त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. विद्यार्थ्याने पाठ पाहत असतानाच शेजारी ती कृती स्वतः करावयाची, अशी या पाठांची रचना आहे.

या साधनांचा पहिला लाभ वेळेचा आहे. व्याख्यान विद्यार्थ्याने आदल्या दिवशी घरी किंवा वसतिगृहात ऐकले, तर वर्गातील तास शंका, चर्चा आणि प्रत्यक्ष कृती यांसाठी मोकळा होतो. दुसरा लाभ चुका करण्याच्या मुभेचा आहे. खराखुरा पूल कोसळवून शिकता येत नाही. संगणकावरील पूल मात्र दहा वेळा कोसळवून अकराव्या वेळी उभा करता येतो.

तथापि साधनांना मर्यादाही आहेत. पडद्यावरील प्रयोगात नळ गळत नाही, स्क्रू झिजत नाही आणि मोजमापाची दुर्बीण हलत नाही. अभियंत्याच्या हाताला जी जाण यावयास हवी, ती कर्मशाळेत आणि कामाच्या जागीच येते. शिवाय आज एखाद्या गणिताचे तयार उत्तर संगणक क्षणार्धात देऊ शकतो. अशा काळात उत्तर पाठ असण्याचे मोल उतरले असून योग्य प्रश्न विचारण्याचे आणि मिळालेले उत्तर पारखून घेण्याचे मोल वाढले आहे.

कल्पकता शिकविता येते काय?

कल्पकता ही उपजत देणगी आहे, ती शिकविता येत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. कल्पक विचाराची सवय मात्र लावता येते, असा शिक्षणक्षेत्रातील अनुभव आहे. त्यासाठी काही साध्या पद्धती आहेत.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ साली सुचविलेली पद्धत त्यांपैकी एक होय. शिक्षकाने प्रश्न द्यावा, प्रत्येकाने त्यावर प्रथम एकट्याने विचार करावा, नंतर शेजाऱ्याशी चर्चा करावी आणि शेवटी सर्व वर्गापुढे मत मांडावे, असे तिचे तीन टप्पे आहेत. आय. आय. टी. मुंबईतील प्रथम वर्षाच्या संगणकविषयक मोठ्या वर्गात या पद्धतीचा अभ्यास करण्यात आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा कृतींच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. या पद्धतीला खर्च काहीच येत नाही. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गातही ती उपयोगात आणता येते.

दुसरी सवय म्हणजे आरंभी अनेक पर्याय काढणे आणि त्यांची पारख नंतर करणे. पहिल्याच कल्पनेवर टीका झाली की दुसरी पुढे येत नाही. तिसरी सवय म्हणजे मर्यादा ही अडचण न मानता तिचा आधार घेणे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाद्वारे अवकाशात सोडण्यात आला. त्याचे वजन सुमारे १ किलोग्रॅम होते. एवढ्या लहान उपग्रहात दिशा स्थिर ठेवणारी जड आणि वीज खाणारी यंत्रणा बसविणे कठीण होते. विद्यार्थ्यांनी त्याऐवजी चुंबकाचा उपयोग केला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून वळते, तसाच उपग्रहही विजेवाचून वळावा, अशी ही योजना होती.

नळयोजनेचा धडा

उपग्रह प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही. गाव मात्र प्रत्येकाच्या शेजारी आहे. म्हणून नळयोजनेचे उदाहरण विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

समजा, १,५०० लोकवस्तीचे एक गाव आहे. जल जीवन मिशनच्या निकषानुसार दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे, तर रोज ८२,५०० लिटर पाणी लागेल. येथपर्यंतचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. यानंतर विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवावयाचा तो असा : योजना झाली आहे, टाकी भरते, तरीही शेवटच्या वस्तीला पाणी का पोचत नाही?

वर्गाचे गट पाडले की प्रत्येक गट वेगळे कारण सुचवितो. एक म्हणतो, वस्ती उंचावर असेल. दुसरा म्हणतो, नळाचा व्यास लहान असेल. तिसऱ्याच्या मते टाकीजवळच्या नळांना तोट्याच नसतील. चौथा विहिरीकडे बोट दाखवितो. ही सर्व कारणे संभवनीय आहेत. त्यांतील खरे कोणते, हे गावात जाऊन मोजल्याशिवाय कळणार नाही.

मोजमाप करताना साधनांची पारखही शिकावयास मिळते. भ्रमणध्वनीवरून जागेचे स्थान समजते. परंतु तो दाखवीत असलेली उंची कित्येक मीटरने चुकू शकते. नळयोजनेत उंचीतील १० मीटरचा फरक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाबाचा फरक होय. म्हणून नकाशासाठी भ्रमणध्वनी चालेल, पण उंचीसाठी डंपी लेव्हलच लावावी लागेल. कोणते साधन कोठे पुरेसे आहे, याचा हा विवेक व्याख्यानातून सहसा येत नाही.

पुढे विजेचा प्रश्न येतो. पंप ८ तास चालला तर ताशी सुमारे १०,३०० लिटर पाणी चढवावे लागते. वीज ४ तासच मिळाली, तर तेच प्रमाण ताशी २०,६०० लिटरवर जाते. त्याच नळातून दुप्पट पाणी नेले की घर्षणामुळे होणारी दाबाची हानी जवळजवळ चौपट होते. नळाचा व्यास निम्मा करून तेवढेच पाणी न्यावयाचे म्हटले, तर ही हानी सुमारे ३० पटींनी वाढते. म्हणजे विजेच्या वेळापत्रकाचा नळाच्या व्यासाशी थेट संबंध आहे. वर्गात हे सूत्र रूपाने शिकलेले असते. गावात त्याचा अर्थ उमगतो.

आता संगणकाची पाळी येते. आय. आय. टी. मुंबई येथे तयार झालेली ‘जलतंत्र’ ही प्रणाली ग्रामीण नळयोजनेत कोणत्या भागात किती व्यासाचा नळ टाकल्यास खर्च कमीत कमी येईल, हे काढून देते. विद्यार्थी निरनिराळे पर्याय त्यावर पडताळून पाहू शकतात. तथापि नवे नळ टाकणे हाच उपाय असेल असे नाही. गावाचे दोन भाग करून त्यांना वेगवेगळ्या वेळी पाणी देणे, उताराच्या भागात झडप बसविणे किंवा वस्तीजवळ लहान टाकी बांधणे यांतूनही मार्ग निघू शकतो. विहीरच मार्च-एप्रिलमध्ये आटत असेल, तर नळांचा सारा हिशेब व्यर्थ ठरून प्रश्न भूजलाचा होतो. प्रश्न चुकीचा मांडला गेला तर अचूक गणितही गावाला पाणी देऊ शकत नाही, हा या धड्यातील सर्वांत मोलाचा भाग होय.

शिक्षक आणि मूल्यमापन

अशा अध्यापनात शिक्षकाचे काम कमी न होता बदलते. गावाची निवड, पूर्वतयारी, गटांची रचना आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे ही कामे त्यालाच करावी लागतात. स्वतःला उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची तयारीही त्याला ठेवावी लागते.

मूल्यमापनाची पद्धतही त्याला अनुरूप असली पाहिजे. परीक्षेत पाठांतरालाच गुण मिळणार असतील, तर विद्यार्थी गावात मन लावून काम करणार नाही. प्रश्नाची मांडणी, मोजमापाची अचूकता, विचारात घेतलेल्या पर्यायांची संख्या आणि ग्रामस्थांना समजेल अशा मराठीतील अहवाल यांना स्वतंत्र गुण असावेत. भारत २०१४ साली ‘वॉशिंग्टन करार’ या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सदस्य झाला. पदवीधर अभियंत्याकडून ज्या गुणांची अपेक्षा त्यात केली जाते, त्यांत प्रश्नाचे विश्लेषण आणि समाजाविषयीची जबाबदारी यांचा समावेश आहे. तेव्हा गावातील असे काम हे अभ्यासक्रमाचेच अंग ठरते.

पंचायत आणि प्रशासन यांचे साहाय्य

या दिशेने पायवाट पडलेली आहे. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे ‘सितारा’ हे केंद्र आय. आय. टी. मुंबईत १९८५ साली स्थापन झाले. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘उन्नत भारत अभियान’ सुरू केले, तर राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ हाती घेतले. उच्च शिक्षणसंस्थांचे ज्ञान परिसराच्या विकासाला जोडावे, हाच या प्रयत्नांमागील उद्देश होय.

ग्रामपंचायतीने यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. योजनेचा जुना नकाशा, विजेची देयके, विहिरींच्या पाण्याच्या नोंदी आणि नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा अनुभव एवढे उपलब्ध करून दिले तरी पुरे आहे. पाणी कोठे अडते, हे त्या कर्मचाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तालुक्यातील अधिकाऱ्यांनी माहिती खुली केली आणि विद्यार्थ्यांचा अहवाल वाचून त्यावर अभिप्राय कळविला, तर त्या कामाला वजन प्राप्त होईल. विद्यार्थ्यांचा आराखडा अनुभवी अभियंत्याने तपासल्याखेरीज अंमलात आणू नये, ही दक्षता मात्र आवश्यक आहे. तसेच पाहणी करून गेलेले विद्यार्थी पुन्हा फिरकलेच नाहीत, असा अनुभव ग्रामस्थांना येऊ नये. अहवालाची एक प्रत ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा नियम केल्यास दोन्ही बाजूंचा विश्वास टिकेल.

महाविद्यालयाच्या परिसरातील एक गाव आणि त्या गावातील एक प्रश्न दरवर्षी एका वर्गाने अभ्यासासाठी घेतला, तर काही वर्षांत तालुक्याविषयी विश्वसनीय माहितीचा साठा निर्माण होईल. त्या वर्गातून बाहेर पडणारा अभियंता पुढे शासकीय सेवेत असो वा खाजगी उद्योगात, आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी शेवटच्या वस्तीपर्यंत एकदा तरी चालत जाईल.