एक ग्रॅमचा खडा आणि अंतराळातले घर

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्याहून लोणार सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. शाळेची सहल तिथे गेली, की विवराच्या काठावरून कोणीतरी विचारतेच, "सर, असा दगड आता पडला तर?" १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा पाहून हा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण लोणारसारखे आघात हजारो वर्षांत एखादे होतात. विद्यार्थ्यांना त्याहून चांगला प्रश्न देता येईल : आपल्या डोक्यावर हवाच नसती तर?

अवकाशातून पृथ्वीवर रोज कित्येक टन धूळ आणि बारीक खडे येत असतात. त्यांना आपण उल्काकण म्हणू. बहुतेक सगळे हवेत शिरताच जळून जातात. जे थोडे मोठे असतात, त्यांचाही वेग हवा मोडून काढते. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला भरदुपारी अशनी पडले. अवकाशातून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आलेले ते दगड जमिनीवर पोचताना मात्र उंचावरून टाकलेल्या धोंड्यासारखे पडले. ही किमया हवेची.

आता आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पाहू. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. संभाजीनगरहून मुंबईला मोटारीने जायला जेवढे अंतर लागते, त्याहून थोडेसेच जास्त. पण तेवढ्या उंचीवर हवेचे पांघरूण जवळजवळ संपलेले असते. तिथे उल्काकण आपल्या मूळ वेगाने, सरासरी सेकंदाला २० किलोमीटरने, येऊन धडकतो.

फळ्यावर करण्याजोगे एक गणित आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. एक ग्रॅमचा खडा आणि सेकंदाला २०,००० मीटर वेग घेतला, तर उत्तर येते २ लाख ज्यूल. दहा टनांचा भरलेला ट्रक ताशी २३ किलोमीटरने भिंतीवर आदळला, तर एवढीच ऊर्जा बाहेर पडते. फरक इतकाच की ट्रकची ऊर्जा भिंतीभर पसरते, खड्याची हरभऱ्याएवढ्या जागेत उतरते. सेकंदाला तीन किलोमीटरच्या पुढे गेलेल्या कोणत्याही दगडाजवळ स्वतःच्या वजनाच्या टीएनटी स्फोटकाहून जास्त ऊर्जा असते.

मग भिंत जाड करावी? तेवढे वजन वर न्यायला परवडणार नाही. यावरचा तोडगा फ्रेड व्हिपल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९४७ साली सुचवला, म्हणजे पहिला उपग्रह उडण्याच्या दहा वर्षे आधी. मुख्य भिंतीच्या बाहेर थोडे अंतर सोडून धातूचा पातळ पत्रा लावायचा. कण पत्र्यावर आदळतो आणि त्या धक्क्याने स्वतःच फुटतो, वितळतो, काही अंशी त्याची वाफ होते. पत्र्याला भोक पडते, पण आत जातो तो पसरत जाणारा ढग. भिंतीपर्यंत पोचेतो त्याचा मारा मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. शेतातले कोरडे ढेकूळ तारेच्या जाळीवर जोरात फेकून पाहा. जाळीपलीकडच्या भिंतीवर माती उडेल, पण खोक पडणार नाही. गंमत अशी, की कमी वेगाचा कण या कवचाला जड जातो. तो फुटत नाही, गोळीसारखा आरपार जातो. स्थानकाच्या कवचात दोन थरांमध्ये सिरॅमिकचे आणि केव्लारचे कापडही घातलेले आहे. सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतचे कण ते सोसते.

समजा, तरीही भोक पडले. सिनेमात दाखवतात तशी माणसे लगेच बाहेर खेचली जात नाहीत. आपली वर्गखोली आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच धरा. बाहेर निर्वात असताना तिला एक चौरस सेंटिमीटरचे भोक पडले, तर आतला दाब निम्मा व्हायला दीड ते दोन तास लागतील. भोक शोधून बुजवायला किंवा दार लावून शेजारच्या खोलीत जायला तेवढा वेळ पुरेसा आहे. मात्र भोक दहापट मोठे असेल, तर हातात दहा मिनिटेच उरतात.

प्रत्यक्षात घडलेली घटना भिंतीची नव्हतीच. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ एमएस-२२ या यानाच्या बाहेरच्या शीतक नळीला एक मिलिमीटरहून लहान भोक पडले आणि सगळे शीतक द्रव्य अवकाशात उडून गेले. सूक्ष्म उल्काकणाचा आघात, असा निष्कर्ष तपासात निघाला. (दोन महिन्यांनी एका मालवाहू यानाचेही शीतक असेच गळले, तेव्हा काहींनी या निष्कर्षावर शंका घेतली.) ते यान माणसांसाठी सुरक्षित राहिले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरे रिकामे यान पाठवावे लागले आणि सहा महिन्यांसाठी गेलेले तिघे अंतराळवीर ३७१ दिवसांनी परतले.

पृथ्वीभोवती फिरणारा मानवनिर्मित कचरा दहा सेंटिमीटरहून मोठा असला तर रडारवर दिसतो आणि स्थानक बाजूला सरकते. उल्काकणांची अशी नोंदवही ठेवता येत नाही, कारण ते बाहेरून एकदाच येतात. म्हणून इथे हिशेब केवळ संभाव्यतेचा असतो. घर जितके मोठे आणि मुक्काम जितका लांब, तितकी आघाताची शक्यता वाढते. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस असे लक्ष्य ठेवले आहे. हा हिशेब त्यामुळे आता आपलाही आहे.

चंद्रावर तर हवाच नाही. १७ मार्च २०१३ रोजी सुमारे ४० किलोचा दगड तिथे आदळला. त्याचा लखलखाट पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून नोंदला गेला आणि मागाहून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाच्या छायाचित्रांत १८ मीटर रुंदीचे नवे विवर सापडले. असे आघात मूळ दगडाखेरीज उडालेल्या खड्यांचाही मारा आजूबाजूला करतात. त्यामुळे वस्तीवर दोन-तीन मीटर चांद्रमाती टाकावी, किंवा सरळ जमिनीखाली जावे, असे सुचवले जाते. चंद्राचे काळे डाग बेसाल्टचे आहेत. तोच खडक आपल्या दख्खनच्या पठाराचा. म्हणूनच बेसाल्टमध्ये पडलेले लोणारचे विवर चंद्राच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते. बेसाल्टच्या पोटात राहण्याची कल्पना वेरूळच्या जिल्ह्याला काही परकी नाही! चंद्रावर ते कोरायची गरजही कदाचित पडणार नाही. लाव्हा वाहून गेल्यावर उरलेले पोकळ बोगदे तिथे आहेत. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी 'चांद्रयान-१'च्या छायाचित्रांवरून असा एक न ढासळलेला बोगदा २०११ मध्ये दाखवून दिला.

अर्थात घर बोगद्यात गेले, तरी सौर पट्ट्या, संदेशाची तबकडी आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या उघड्यावरच राहणार.