वाड्यात पाहुणे ठेवायचे तर…

पारनेर तालुक्यातल्या पळशीला तटबंदीच्या आत गाव आहे आणि त्यात होळकरांच्या दिवाणांचा, म्हणजे पळशीकरांचा, कोरीव सागवानाचा वाडा. जामखेड तालुक्यात चौंडीला अहिल्यादेवींच्या माहेरचा वाडा दुरुस्त करून जपलाय. असं भाग्य थोड्याच वाड्यांचं. बाकी कित्येकांचं सागवान व्यापाऱ्यांनी ट्रकात भरून नेलं आणि मागे मातीचा ढिगारा उरला.

आता शहरातली माणसं पैसे देऊन अशा घरात राहायला येतात. सासवडजवळची 1710 सालची जाधवगढी आज हॉटेल आहे. आपला वाडा एवढा मोठा नसेना, दोन खोल्या नीट केल्या तरी पाहुणे ठेवता येतात. पण दुरुस्ती चुकली तर होता तो वाडाही जातो.

गवंडी पहिल्यांदा सिमेंटचं नाव काढतो. तिथेच थांबवा त्याला. जुन्या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या. त्या जमिनीतली ओल ओढतात आणि बाहेर सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. मग पोपडे सुटतात, आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजतात. वरून काही दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. गिलावा चुन्याचाच हवा. चुना बरेच दिवस भिजवून, वाळू घालून, गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी मिसळून मळतात. हे जाणणारा कारागीर शोधायला वेळ लागतो, मजुरीही जास्त पडते. तरी तोच शोधा.

धाब्याचं तसंच. लाकडांवर पालापाचोळा, त्यावर माती आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती पावसाळ्याआधी पसरायची, उगवलेलं गवत उपटायचं, पाणी जायच्या वाटा मोकळ्या करायच्या. हे काम घरोघरी बायकांनीच केलंय, सारवणासारखंच. गळतं म्हणून वर स्लॅब टाकू नका, पाण्याची टाकीही ठेवू नका. तो भार जुन्या भिंतींना पेलत नाही. संडास-न्हाणी परसात वेगळी बांधा; जुनी भिंत फोडून नळ नेऊ नका. एसीचा खर्चही नको. जाड भिंतींमुळे मे महिन्यातही आत गारवा असतो, पाहुणा त्यासाठीच येतो. त्याला बाजरीची भाकरी, ठेचा, थंडीत हुरडा द्या. निघोजचे रांजणखळगे बघायला पाठवा.

आता खरी अडचण. वाड्यात राहते, सारवते, दिवा लावते ती बाई. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव असतं आजेसासऱ्यांचं किंवा पुण्या-मुंबईतल्या चार दिरांचं. तुम्ही दागिने मोडून चुना लावला, पाहुणे येऊ लागले, आणि मग एखादा हिस्सेदार उठून म्हणाला, माझा वाटा द्या, तर? म्हणून पहिला रुपया घालण्याआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. वाडा किती वर्षं वापरणार, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, मिळकत कशी वाटायची, सगळं लिहा. करार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी करा, वकिलाला विचारून. वडिलोपार्जित घरात मुलींचाही मुलांइतकाच वाटा आहे. आपल्या राज्याने 1994 साली तसा कायदा केला, देशभर तो 2005 साली आला. तेव्हा नणंदांची सही लागेलच. आणि माहेरच्या वाड्याच्या हक्कसोडपत्रावर भाऊबीजेच्या ताटासोबत सही मागितली, तर आधी कागद वाचा. (माझ्या ओळखीत हे दोन-तीनदा झालंय.)

कागद झाले की पर्यटन विभागाकडे न्याहारी निवास म्हणून नोंदणी करता येते. 2023 च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलांच्या मालकीच्या व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख, जे आधी भरेल तोवर. अटी बघा मात्र: व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि चालवायलाही तीच हवी. नाव बायकोचं आणि गल्ला नवऱ्याकडे, असं नाही चालायचं.

यंदा पावसाळ्याआधी निदान धाब्यावर माती टाकून घ्या. कागदांना महिने लागतील, पाऊस थांबणार नाही.